रकाना क्रमांक नऊ

परिपत्रक आलं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात,
कूलरच्या वाळ्यावर पहिलं पाणी ओतलं त्याच दिवशी.
विषय : कर्मचारी आरोग्य विमा, सुधारित पर्याय.
जुनी योजना एकतीस तारखेला रात्री बाराला संपेल,
आणि बारा वाजून एक मिनिटाने आपण सगळे
अ, ब किंवा क असू.

आस्थापना विभागातलं दारालगतचं टेबल माझं.
फॉर्म वाटायचे, भरून घ्यायचे, आवक नंबर टाकायचा
आणि दिवसभर तेच तेच सांगायचं :
अ स्वस्त, पण खोलीभाड्याला मर्यादा.
ब मध्ये बिलाचे वीस टक्के आपल्या खिशातून.
क महाग, पण क मध्ये घरचे वडीलधारे येतात.
यादीत जळगावचे दवाखाने दोनच उरलेत.
त्यातल्या एकात फक्त डोळे.
बाकीचं शरीर नाशिकला न्यायचं.

बागेतले हुसेन तडवी चप्पल बाहेर काढून आत आले.
‘बाई, अवलंबित म्हंजे कोण?’
तुमच्यावर जे अवलंबून आहेत ते.
त्यांनी बोटं मोडत मोजलं. बायको, दोन पोरी, धाकटा भाऊ.
म्हटलं, भाऊ नियमात बसत नाही.
‘घरात तर बसलाय की, बाई, चाळीस वर्षांपासून.’
दोघंही हसलो.
मग मी भावाचं नाव खोडलं, आणि त्यांनी
खोडलेल्या नावाशेजारी अंगठ्याएवढी सही केली.

संख्याशास्त्राचे नारखेडे सर परिपत्रकाच्या समासात
पेन्सिलने कसलीशी संभाव्यता काढत होते.
कलम सहा : आधीपासूनच्या आजाराला दोन वर्षं प्रतीक्षा.
‘आजाराला सांगायचं कोणी?’ म्हणाले,
आणि चहा तसाच ठेवून उठले.

उज्ज्वला बाविस्कर एजन्सीमार्फत आहे.
तिने यादी फळ्यावर लावली, चारही कोपऱ्यांना टाचण्या,
मोठ्याने वाचून दाखवली, एकही दवाखाना न चुकता.
तिच्यासाठी फॉर्म नव्हता.
पाठकोरे उरले तर तेवढे द्या म्हणाली, पोराच्या गणिताला.

माझा फॉर्म ड्रॉवरमध्ये.
रकाना नऊ : आई-वडील किंवा सासू-सासरे, कोणतीही एकच जोडी.
निवड पुन्हा बदलता येणार नाही.
पुरुषांच्या फॉर्मातही आहे हाच रकाना.
दहा दिवसांत एकही पेन तिथे थांबलेलं
मी पाहिलं नाही.

जोडी कुठली?
अमळनेरला वडील एकटे. जिना चढताना दोनदा थांबतात,
तिसऱ्यांदा थांबतात ते मला फोनवर ऐकू येतं.
इकडे सासूबाई एकट्या. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांतलं वंगण संपलंय.
दोघांची मिळून एक जोडी होते.
ती नियमात बसत नाही.

‘माले काय धाड भरनी?’ वडील म्हणाले,
‘सासूनं नाव टाकी दे.’
आणि खोकला येईल म्हणून
घाईने फोन ठेवला.

सासूबाईंजवळ मी विषयच काढला नव्हता.
शुक्रवारी डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली, पाकीट.
पिंप्राळ्याच्या स्टुडिओतले सहा फोटो.
लग्नाकार्यातली जांभळी नऊवारी, गालांवर पावडर,
नजर कॅमेऱ्यात थेट,
उसने दिलेले पैसे मागायला गेल्यासारखी.
त्या गुडघ्यांनी स्टुडिओचा जिना चढल्या कशा,
ते घरात कोणी विचारलं नाही. मीही नाही.

एकतीसला संध्याकाळी शेवटचा गठ्ठा.
चारशे अकरा. चारशे बारा.
चारशे तेरा माझा, रकाना नऊ कोरा.
अपूर्ण अर्ज स्वीकारले जाणार नाहीत,
असं मीच ठळक लिहून खिडकीला चिकटवलंय.
तेव्हा त्रुटीची चिठ्ठी टाचली, शिक्का मारला,
टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत बसले
आणि माझाच अर्ज
सही करून परत घेतला.

उज्ज्वला कुलूप घेऊन दारात.
‘झालं का, मॅडम?’
पावणेसहा. बाराला अजून सव्वासहा तास होते.